नागपूरच्या महाल भागातला दोनचौकी वाडा नेमका किती जुना? कागद आणि बांधकाम दोन्हींवरून वय कसं काढायचं

दोनचौकी

नमस्कार. बडकस चौकाजवळच्या एका वाड्याचा इतिहास नीट लिहून काढायचा आहे, त्यासाठी विचारते आहे. दुरुस्ती सुरू होण्याआधी हे काम व्हायला हवं, कारण एकदा गिलावा पडला की बरंच काही पुसलं जाईल.

वाडा असा आहे: रस्त्याकडे विटांचं दुमजली बांधकाम, कमानी, लोखंडी सज्जा, वर इंग्रजी कवेलू. देवडीतून आत गेलं की पहिला चौक, चारी बाजूंनी ओसरी, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, महिरपी, कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत). त्यामागे दुसरा चौक, त्यात विहीर, एका बाजूला देवघर आणि कोठार. मागच्या चौकाच्या भिंती पुढच्यापेक्षा बऱ्याच जाड आहेत.

घरात सगळे "दुसऱ्या रघुजीच्या काळातला", म्हणजे नागपूरच्या भोसले राजाच्या काळातला, असं सांगतात. खांब जळालेल्या राजवाड्यातून आणले अशीही एक आख्यायिका आहे. हातात आहे ते एवढंच: आजची आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा मालकी उतारा), १९३८ चं एक इंग्रजी वाटणीपत्र, आणि मोडीतले पाच-सहा कागद. मोडी जाणणाऱ्या एकांनी त्यातल्या एका कागदावरची ओळ "सन समान अशर मयातैन व अलफ" अशी वाचून दिली. पुढचं वाचन अजून झालेलं नाही.

प्रश्न तीन. कागद कुठल्या क्रमाने आणि कुठे शोधायचे? त्या ओळीचा अर्थ काय? आणि इमारतीकडे पाहून कोणता भाग कधीचा हे सांगता येतं का?

---

दस्तऐवज

ताई, सुरुवात आजच्या आखीव पत्रिकेपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. उलट्या बाजूने, म्हणजे भोसल्यांपासून खाली यायला गेलात तर मधल्या कड्या जुळणार नाहीत आणि दुसऱ्याच वाड्याचा इतिहास तुमच्या वाड्याला चिकटेल. महालात एकाच आडनावाचे तीन-तीन वाडे आहेत, म्हणून हे आधी सांगतो.

पहिली पायरी नगर भूमापन कार्यालय. ऑनलाइन निघणाऱ्या आखीव पत्रिकेवर सध्याची स्थिती असते. तुम्हाला हवी ती हाताने लिहिलेली जुनी पत्रिका. तिच्यात कंसात टाकलेली नावं म्हणजे आधीचे धारक, आणि प्रत्येक नावासमोर फेरफाराची तारीख. तिची प्रमाणित नक्कल मागा. सोबत त्या क्रमांकाच्या चौकशी नोंदवहीचा उतारा आणि शीटवरचा नकाशा मागा. नगर भूमापनाच्या वेळी अधिकाऱ्याने "ही जागा तुमच्याकडे कशी आली" असं विचारून जे उत्तर लिहून घेतलं ते चौकशी नोंदवहीत असतं. वडिलोपार्जित, खरेदी, बक्षीस, नझूल (सरकारी जमिनीचा) पट्टा, जे असेल ते. पत्रिकेत जे दोन शब्दांत उरतं ते तिथे कधी कधी पाच ओळींत सापडतं. अर्जात नगर भूमापन क्रमांकासोबत शीट क्रमांक आणि मौजा लिहायला विसरू नका, नागपुरात तिन्ही लागतात. सत्ता प्रकाराच्या रकान्यात नझूल दिसलं तर पट्ट्याची फाइल वेगळी असते. पट्टे साधारण ३० वर्षांचे, त्यामुळे प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी जागेची पाहणी झालेली असते.

दुसरी पायरी दुय्यम निबंधकाचं दप्तर. इथे १९३८ चं वाटणीपत्र तुमच्या फार कामाचं आहे. त्याच्या परिशिष्टात चतुःसीमा आणि खोल्यांचं वर्णन असणार. दस्ताच्या शेवटी पुस्तक क्रमांक, खंड, पान आणि अनुक्रमांक असतो. त्यावरून नोंदणीची प्रत मिळते, आणि दस्तात आधीच्या खताचा उल्लेख असला तर त्याचाही माग लागतो. सूची १ नावांवरून आणि सूची २ मिळकतीवरून केलेली असते. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक १ मध्ये, आणि ते कोणीही शुल्क भरून पाहू शकतो. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये, ती पाहण्यावर मर्यादा आहेत. ऑनलाइन शोध अलीकडच्या दस्तांपुरताच चालतो, मागचं सगळं हाताने. जुन्या सूचीत आडनावाने सापडलं नाही तर पहिल्या नावाने पहा, आणि "राव", "पंत" धरून व सोडून दोन्ही तऱ्हांनी पहा.

खरेदीखताइतकंच लक्ष गहाणखताकडे द्या. सावकार पैसे देताना घर नीट पाहून घ्यायचा, त्यामुळे गहाणखतात "दुमजली, कवेलूचे छप्पर, विहिरीसह, इतक्या खणांचे" असं नेमकं लिहिलेलं असतं. खरेदीखतात बरेचदा "घर जमिनीसह" एवढ्यावरच काम भागवलेलं दिसतं.

चतुःसीमा वाचताना शेजाऱ्यांची नावं आणि रस्त्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा. तुमच्या घराची साखळी तुटली की शेजारच्या घराच्या दस्तात तुमच्या पणजोबांचं नाव "पश्चिमेस" म्हणून सापडतं आणि साखळी पुन्हा जुळते. जुनी नावं लक्षात ठेवा: आजचा गांधी गेट म्हणजे जुम्मा दरवाजा, आणि गांधीसागर म्हणजे जुम्मा किंवा शुक्रवारी तलाव. पत्त्यात सर्कल नंबर आणि वॉर्ड नंबर दिसतील. ते नगरपालिकेचे, आणि वेळोवेळी बदललेले. नगर भूमापन क्रमांकाशी त्यांची गल्लत करू नका.

तिसरी पायरी घरपट्टी. नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९५१ ची. कर आकारणीच्या जुन्या नोंदवह्या झोन कार्यालयात किंवा दप्तरखान्यात जितक्या शिल्लक असतील तितक्या पहा. आकारणी एकदम वाढलेलं वर्ष दिसलं की त्या सुमारास बांधकाम वाढलं असं समजायला जागा असते. पण शहरभर फेरआकारणी झालेली असली तरी आकडा वाढतो. म्हणून त्याच पानावरच्या चार शेजारच्या घरांचे आकडे सोबत उतरवून घ्या. सगळ्यांचे एकाच प्रमाणात वाढले असतील तर तो पुरावा नाही.

आणखी एक जागा लोक विसरतात. वाड्यात भाडेकरू असतील, आणि महालात ते बहुतेक असतातच, तर १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशाखालची प्रकरणं शोधा. हा आदेश विदर्भात २००० पर्यंत चालला. भाडे नियंत्रकापुढच्या अर्जांत खोल्यांची मापं, संडास-न्हाणी कुठे, छत गळतं की नाही, सगळं वादी-प्रतिवादींनी लिहिलेलं असतं. दिवाणी वाटणी दाव्यात कमिशनरने काढलेला नकाशा मिळाला तर फारच उत्तम.

शेवटी राज्यांचा गोंधळ. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र. त्यामुळे १९५२ च्या कागदावर "मध्य प्रदेश शासन" दिसलं तर कागद चुकीचा नाही. महसुली शब्दही त्या काळचे असतात: मालगुजार (गावाचा महसूल भरणारा जमीनदार), मालिक मकबुजा (स्वतःच्या तुकड्याचा मालक), आबादी (गावठाण). पुण्या-साताऱ्याकडच्या इनाम-वतनाच्या पद्धतीने ते वाचू नका. घराणं मालगुजाराचं असेल तर गावाच्या बंदोबस्ताचे (महसूल आकारणीचे) कागद वेगळे पहावे लागतील. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, त्या वेळच्या भरपाईच्या प्रकरणांत वंशावळ असते.

---

सुहूर सन

"समान अशर मयातैन व अलफ" हे सुहूर सन आहे, अक्षरांत लिहिलेलं. समान म्हणजे ८, अशर म्हणजे १०, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. बेरीज १२१८.

सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचा कागद जून १८१७ ते जून १८१८ या वर्षातला.

पडताळणीसाठी त्याच कागदावर दुसरं साल आहे का ते पहा. फसली सन असेल तर ते १२२७ यायला हवं (सुहूरात ९ मिळवले की फसली, आणि फसलीत ५९० मिळवले की मृगापासूनचं इसवी). शालिवाहन शक असेल तर १८१८ च्या चैत्रापर्यंत १७३९, संवत्सराचं नाव ईश्वर. चैत्रानंतर १७४०, बहुधान्य. संवत्सराचं नाव हा सर्वात चांगला पहारेकरी आहे, कारण ते साठ वर्षांनीच परत येतं. आकडा वाचताना एक-दोनची चूक झाली की नाव जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. तारखेच्या आधी "छ" असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र: "छ ५ जिल्काद" अशा तऱ्हेने. त्यावरून इसवी दिवस जंत्रीतून काढता येतो.

चुका बहुधा एककात होतात. मोडीच्या घाईच्या हातात "समान" आणि "सलास" (३) गोंधळतात, "सीत" (६) आणि "सबा" (७) गोंधळतात. दुसऱ्या वाचकाकडून, पहिलं वाचन न दाखवता, तीच ओळ पुन्हा वाचून घ्या.

हे वर्ष फार नाजूक आहे, म्हणून महिना काढल्याशिवाय काही लिहू नका. सीताबर्डीची लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची. वर्षाच्या सुरुवातीला अप्पासाहेब भोसले गादीवर होते, लढाईनंतर इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्सचा शब्द चालू लागला, आणि १८१८ मध्ये अप्पासाहेब पदच्युत होऊन तिसरे रघुजी लहान वयात गादीवर आले. एकाच सुहूर वर्षात कागदाला वजन देणारा अधिकार बदलला. सप्टेंबरची सनद आणि एप्रिलची सनद यांचा अर्थ वेगळा. शिक्का कोणाचा आहे ते म्हणून नीट पहा. आणि घरातली कथा "दुसऱ्या रघुजीच्या काळातला" अशी आहे, तर ते १८१६ मध्ये वारले. तुमचा कागद त्यांच्यानंतरचा आहे. याने कथा खोटी ठरत नाही, फक्त या कागदावर तिला टेकवता येत नाही.

पूर्ण वाचन करून घेताना वाचकाला तीन गोष्टी मुद्दाम विचारा.

एक, कागद कशाबद्दल आहे? "जागा", "बखळ", "घर", "वाडा" यांपैकी नेमका शब्द कोणता? बखळ म्हणजे पडीक किंवा मोकळी जागा. १८१७ चा कागद बखळीचा असेल तर त्या दिवशी तिथे वाडा उभा नव्हता, एवढा मोठा निष्कर्ष त्या एका शब्दावर निघतो. मापं हातांत किंवा गजांत दिली असतील तर तीही उतरवा आणि आजच्या शीटवरच्या लांबी-रुंदीशी ताडून पहा.

दोन, माथ्यावर "नक्कल" असं आहे का? आणि कागद उजेडासमोर धरला तर गिरणीच्या कागदाचं पाणचिन्ह दिसतं का? पाणचिन्हात साल असलं आणि ते मजकुराच्या सालानंतरचं असलं तर हातात मूळ नाही, पुढे कधीतरी केलेली प्रत आहे. प्रतीलाही किंमत आहे, पण ती कोणत्या वादासाठी केली गेली ते शोधायला हवं.

तीन, शेवटी "मोर्तब सूद" (कागद पुरा झाल्याचा शिक्का) आहे का, आणि मजकूर व शेवट एकाच हातचा आहे का?

मोडी वाचून देणारे जाणकार पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेत आणि विदर्भ संशोधन मंडळात चौकशी केली तर सापडतील. देण्याआधी प्रत्येक कागदाचं दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवा, किमान ३०० डीपीआय, आणि मागच्या बाजूची टिपणं सोडू नका. घडीवर बाहेरून लिहिलेल्या एका ओळीत कधी कधी कागदाचा विषय आणि साल दोन्ही असतात. लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि ते परत काढता येत नाही.

---

दोनचौकी

दोघांचेही मनापासून आभार. मोडी कागदाच्या माथ्यावर खरंच "नक्कल" सारखी अक्षरं आहेत. पूर्ण वाचन करून घेते. आता बांधकामाबद्दल कोणी सांगेल का? सुताराचं म्हणणं, सुरूचे खांब आहेत म्हणजे भोसलेकालीनच.

---

कडीपाट

सुरूचे खांब आणि महिरप ही भोसलेकाळातली रीत खरी, पण तो घाट इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षं सुतार घडवतच होते. नुसत्या घाटावरून काळ ठरवू नका. घडवायची हत्यारं आणि जोडायचा माल पहा, ते फसवत नाहीत.

रात्री किंवा खोली अंधारी करून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाका. कडीच्या वरच्या आणि मागच्या, रंग न लागलेल्या बाजूवर हत्याराच्या खुणा दिसतील. वाकसाने (सुताराच्या तासणीने) तासलेल्या लाकडावर उथळ, अनियमित खवले असतात. दोघांनी ओढायच्या करवतीच्या रेषा सरळ पण कमी-जास्त तिरप्या. चक्री करवतीच्या रेषा कमानीसारख्या वाकलेल्या आणि सारख्या अंतरावर. कमानी रेषा दिसल्या की ते लाकूड यंत्रावर चिरलेलं, म्हणजे रेल्वेनंतरचं धरा. रेल्वे नागपुरात १८६७ ला आली.

खिळे काढू नका, डोकं पहा. घडीव खिळा चौकोनी, डोकं ओबडधोबड. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आणि पुढचा. पण एखादा तारेचा खिळा सापडला म्हणून सगळं नवं ठरत नाही, दुरुस्तीला ठोकलेला असू शकतो. पाट आणि कडी यांच्या मूळ जोडावरचे खिळे मोजा.

तुमच्या पुढच्या भागाबद्दल जवळजवळ नक्की सांगता येतं. इंग्रजी कवेलू म्हणजे मंगळुरी. बासेल मिशनचा मंगळुरातला कारखाना १८६५ चा, आणि तो माल इथे यायला रेल्वे लागली. चार-पाच कवेलू उलटे करून शिक्का वाचा. "बासेल मिशन" असेल तर साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतचा, "कॉमनवेल्थ" असेल तर त्यानंतरचा, कारण युद्धानंतर ते कारखाने त्या ट्रस्टकडे गेले. एक सावधगिरी: शिक्क्यातलं साल बरेचदा कारखाना स्थापन झाल्याचं असतं. "१८६५" वाचून छप्पर १८६५ चं ठरवू नका. शिवाय छप्पर दर काही दशकांनी शाकारतात, त्यामुळे कवेलू भिंतीपेक्षा नवे असणं नेहमीचंच.

सज्ज्याखाली लोखंडी गर्डर असतील तर त्यांच्या कडेवर कंपनीचं नाव उठावात असतं. गंज तारेच्या ब्रशने हलका काढा आणि खडूने घासा, अक्षरं उमटतात. विलायती नाव असलं तर एकोणिसाव्या शतकाचा शेवट ते विसाव्याची सुरुवात. टाटा असलं तर १९१२ नंतर, त्याआधी जमशेदपूरचं पोलाद निघालंच नव्हतं. सांध्यात मूळचंच सिमेंट असेल तर पहिल्या महायुद्धाआधीचं काम मानू नका. देशातला सिमेंटचा कारखाना पोरबंदरला १९१४ ला नीट सुरू झाला.

विटा: जिथे गिलावा आधीच पडलेला आहे तिथेच मोजा. किमान दहा विटांची लांबी-रुंदी-जाडी, दोन्ही चौकांत आणि दर्शनी भिंतीत वेगवेगळी. जुन्या विटा पातळ आणि चपट्या, सांधे जाड. इंग्रजी मापाची वीट ९ बाय साडेचार बाय ३ इंचांच्या आसपास, आणि वर खळगा असेल तर आणखी अलीकडची. दोन चौकांच्या विटा वेगळ्या निघाल्या तर टप्पे वेगळे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन टप्पे जिथे भेटतात तो सांधा शोधा. मागच्या चौकाची जाड भिंत आणि पुढच्याची पातळ भिंत जिथे मिळते तिथे विटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत की वरून खालपर्यंत सरळ उभी भेग आहे? सरळ सांधा म्हणजे एक भिंत आधी उभी होती आणि दुसरी नंतर तिला टेकवली. जिचा बाहेरचा पृष्ठभाग सांध्याच्या आत दडलेला आहे, चुन्याच्या गिलाव्यासकट, ती आधीची. वयाचा क्रम ठरवायला याहून भक्कम पुरावा घरात दुसरा नाही, आणि याला एक पैसा लागत नाही. भेगेला घाबरून कोणी ती सिमेंटने भरायच्या आत फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

नकाशा १:५० ला करा. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा, नाहीतर वाकड्या खोल्या कागदावर काटकोनात बसवल्या जातात आणि भिंतींची जाडी चुकते. जोत्याची उंची रस्त्यापासून मोजा. महालात रस्ते वर येत गेलेत, देवडीची खालची पायरी रस्त्याखाली गेली असेल तर तीही नोंद हवी.

---

गांधी गेट

दर्शनी भागाबद्दल एक जोड. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आला. रस्तारुंदीत घराचा पुढचा खण किंवा ओटा गेला असेल तर नवी दर्शनी भिंत त्यानंतरची, मग आत सुरूचे खांब आणि बाहेर नवी वीट यांत विसंगती राहत नाही. १९३८ च्या वाटणीपत्रातली पूर्व-पश्चिम लांबी आणि आजची लांबी जुळते का पहा. काही फूट कमी झाली असेल तर भूसंपादनाची फाइल शोधा, तिच्यात नकाशा असतोच.

---

कडीपाट

बरोबर. आणि राजवाड्यातल्या खांबांची कथा, ती वेगळी तपासावी लागेल.

भोसल्यांचा महालातला राजवाडा काळ्या पाषाणाचा, आत भरपूर लाकडी नक्षी, आणि तो १८६४ च्या आगीत जळाला. नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा उरला. त्यामुळे "राजवाड्याचे खांब" ही कथा नागपुरात बऱ्याच घरांत ऐकू येते. खरी असू शकते, पण पुरावा लाकडातच शोधायचा.

खांब मूळचा इथलाच असेल तर तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, हस्त (खांबावरचा आधार) आणि तुळई (मुख्य आडवं लाकूड) यांची मापं एकमेकांना जुळतात. बाहेरून आणलेला असेल तर तीन खुणा दिसतात. खांबाखाली लाकडाचा किंवा दगडाचा जास्तीचा तुकडा देऊन उंची जुळवलेली, किंवा खांब खालून कापून नक्षीचा पट्टा अर्ध्यात तुटलेला. खांबाच्या अंगावर रिकाम्या खाचा, ज्यांत आज काहीच बसत नाही. आणि एकाच रांगेतल्या खांबांच्या नक्षीत फरक. रिकाम्या खाचांची जागा प्रत्येक खांबावर जमिनीपासून मोजा. सगळ्यांवर सारख्या उंचीला असतील तर ते एकाच इमारतीतून एकत्र आलेत.

आगीची खूण वेगळी: जळालेल्या सागवानाचा कोळसा तासून काढला तरी भेगांच्या आत काळेपणा राहतो. पण देवघर किंवा स्वयंपाकाजवळच्या खांबाला धुरानेही काळेपणा येतो, तो वरवरचा असतो आणि ओल्या फडक्याने निघतो. आणि हे सगळं जुळलं तरी खांब दुसऱ्या इमारतीचे एवढंच सिद्ध होतं. राजवाड्याचेच म्हणायला कागद लागेल, खरेदीची पावती, लिलावाची नोंद, काहीतरी. तोवर लिहिताना "घरातली आख्यायिका" असंच लिहा. आख्यायिका लिहून ठेवण्यासारखीच असते, फक्त तिला तिच्या नावाने लिहावं.

---

चुना-सुरखी

दुरुस्ती सुरू व्हायची आहे असं वाचलं, म्हणून हे आत्ताच सांगणं भाग आहे.

कंत्राटदार पहिल्या दिवशी सगळा गिलावा पाडून सिमेंटचा करू म्हणेल. तसं होऊ देऊ नका. कड्यांची टोकं भिंतीत एक वीतभर तरी आत गेलेली असतात. चुन्याची भिंत पावसाळ्यात घेतलेली ओल उन्हाळ्यात बाहेर टाकते. वर सिमेंट बसलं की ओल आतच राहते, लोणा (खार) फुटतो, आणि कडीचं टोक आतून कुजतं. वरून कडी ठणठणीत दिसते आणि एखाद्या पावसाळ्यात टोक सुटतं. वाळवीला तर तीच ओली जागा हवी असते. प्रत्येक कडीचं टोक भिंतीजवळ टोच्याने दाबून पहा आणि लाकडी हातोडीने वाजवा. टोचा सहज आत गेला किंवा आवाज भद्द आला तर त्या कडीला आधी खालून टेकू द्या, मग पुढचं काम.

गिलाव्याला १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी), २ भाग धुतलेली वाळू. चुना कळीचा घेऊन पाण्यात विरवा आणि लोण्यासारखा होईपर्यंत किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवा. न विरलेले कण राहिले तर भिंतीवर गेल्यावर फुगतात आणि पापुद्रे उडतात. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, दुसरा थर पहिला आवळल्यावर. दहा-पंधरा दिवस ओलं ठेवायचं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. चुना धरायच्या आत पाणी उडून जातं आणि गिलावा पावडर होऊन हाताला लागतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ घ्या.

इतिहासाच्या दृष्टीने: जुना गिलावा काढण्याआधी प्रत्येक खोलीत एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा ठेवून रंगाचे थर एकेक करून खरवडा. खालचा थर, त्यावरचा, त्यावरचा, पायऱ्यांसारखे उघडे. मागच्या चौकात नऊ थर आणि पुढच्यात चार निघाले तर वर सांगितलेल्या सांध्याच्या पुराव्याला जोड मिळते. पहिल्या मजल्याच्या मूळ गिलाव्याचा एक तुकडा डबीत घालून, कुठून घेतला ते लिहून ठेवा.

आणि महानगरपालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का, कोणत्या श्रेणीत, हे आधी पहा. यादीत असेल तर दर्शनी भाग, छप्पर, खांब यांना हात लावण्याआधी वारसा संवर्धन समितीची परवानगी लागते. यादीत नसेल आणि घालायचा असेल तर तुम्ही वर जे गोळा करताय, म्हणजे मोजलेला नकाशा, फोटो, मालकीची साखळी, बांधकामाचे टप्पे, नेमकं तेच अर्जाला जोडायचं असतं. सगळ्या हिस्सेदारांची संमती आधी लेखी घ्या. १९३८ नंतर वाटण्या झाल्या असतील तर दोन चौकांचे मालक आज वेगळे असण्याची शक्यता आहे, आणि अर्ज एका चौकापुरता गेला तर विहीर आणि देवडी नेमक्या कोणाच्या यावर तो अडकतो.

---

दस्तऐवज

विहिरीवरून एक आठवलं. वाटणीपत्रात विहीर आणि देवडी "सामाईक" ठेवलेली असते, वहिवाटीच्या हक्कासह. ते कलम इंग्रजीत असलं तरी त्याखालचा नकाशा बहुधा मराठीत किंवा मोडीत भरलेला असतो. नोंदणीची प्रत मागताना नकाशासह मागा. नुसती "दस्ताची प्रत" असा अर्ज केला तर मजकूर देतात आणि नकाशाचं पान राहून जातं. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

---

दोनचौकी

नकाशा मागायचं कळलं. उद्या सरळ सांध्याचे आणि कवेलूंच्या शिक्क्यांचे फोटो काढून इथेच टाकते. एक आत्ताच पाहिलं: मागच्या चौकाच्या चार खांबांवर जमिनीपासून सारख्या उंचीला रिकाम्या खाचा आहेत, आणि पुढच्या चौकाच्या एकाही खांबावर नाहीत.